हार्ड डिस्कची तुकडेजोड : एका उपचाराचा इतिहास

व्याख्यानमालेत इतिहासाचे पुष्प गुंफावयाचे म्हटले म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा एखादी लढाई, एखादा तह, निदान एखाद्या घराण्याची कैफियत अशी काही तरी असते. आज आम्ही घेतलेला विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. संगणकातील हार्ड डिस्क मधून मधून 'डीफ्रॅग' करावी काय, आणि करावयाची तर किती दिवसांनी, एवढाच तो प्रश्न. हा प्रश्न दुरुस्तीवाल्याला विचारावा, इतिहासाच्या अभ्यासकाचे येथे काय काम, असे कोणी म्हणेल. आमचे मत निराळे आहे. ह्या प्रश्नाचे १९७५ साली एक उत्तर होते, १९९५ साली दुसरे होते, २००७ साली तिसरे झाले आणि आज चौथे आहे. ही चारही उत्तरे आपापल्या काळी बरोबर होती. घोटाळा होतो तो एका काळचे उत्तर दुसऱ्या काळी चालविल्यामुळे. म्हणून ह्या प्रश्नाचा उलगडा करावयाचा तर इतिहासाचीच वाट धरली पाहिजे.

प्रश्न घरगुती असला तरी क्षुल्लक नाही. आज डिस्कवर काय असते हे पाहा. सहकारी पतपेढीचे हिशेब, वाचनालयाची दाखल-नोंद, गृहनिर्माण संस्थेची सभासद-यादी, मुलांची लहानपणची छायाचित्रे, गेलेल्या माणसांचे आवाज. एके काळी जे लोखंडी कपाटात आणि फडताळात असे, ते आता तळहाताएवढ्या पेटीत आले आहे. ह्या पेटीवर कोणताही उपचार करताना तो कशासाठी शोधला गेला, हे ठाऊक असणे बरे. उपचाराचे नाव लक्षात राहिले आणि कारण विसरले, तर बऱ्याच्या ऐवजी वाईट होण्याचा संभव असतो.

प्रथम शब्दाचे पाहू. डीफ्रॅगमेंटेशन म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र आणणे. ह्या कल्पनेची आपल्याकडील शेतकऱ्याला नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. शेतजमिनीचे तुकडे पडू नयेत आणि पडलेले तुकडे एकत्र यावेत, म्हणून मुंबई प्रांतात १९४७ साली कायदा झाला. लोकांनी त्याला 'तुकडेबंदी' आणि 'तुकडेजोड' असे सुटसुटीत शब्द दिले. एका खातेदाराची पाच एकर जमीन सलग असली तर नांगर एकदा जुंपला की काम उरकते. तीच पाच एकर गावाच्या चार शिवांत विखुरली असली, तर जमीन तेवढीच राहते. परंतु बैल हाकीत एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाण्यातच दिवस मोडतो. डिस्कच्या बाबतीत नेमके हेच होते. म्हणून ह्या लेखात आम्ही डीफ्रॅगमेंटेशनला तुकडेजोड असेच म्हणणार आहोत.

आता ही जमीन प्रथम नांगराखाली केव्हा आली ते पाहावयाचे. संगणकाच्या आरंभीच्या काळी माहिती छिद्रांच्या पत्त्यांवर आणि चुंबकीय फितींवर ठेवीत. फितीचा दोष असा की शेवटचा मजकूर हवा असेल तर सबंध फीत उलगडावी लागे. हा दोष घालविण्यासाठी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत रेनल्ड जॉन्सन ह्यांच्या नेतृत्वाखाली एक यंत्र तयार झाले व १९५६ च्या सप्टेंबरात ते जाहीर करण्यात आले. रामॅक हे त्याचे नाव. त्यातील डिस्कच्या भागात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या. त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. सगळ्या मिळून त्यांवर ५० लाख अक्षरे मावत, आणि यंत्राचे वजन एक टनाहून अधिक भरे. वाचणारे हेड तबकड्यांच्या त्या चळतीत वर-खाली आणि आत-बाहेर सरकून हव्या त्या जागी पोचे. त्याला सरासरी ६०० मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागे. फितीच्या तुलनेने ही मोठीच मजल होती. कोणतेही पान एकदम उघडता येऊ लागले. परंतु त्याबरोबरच एक नवा खर्चही जन्माला आला. तो म्हणजे हेडच्या येरझाऱ्यांचा.

हा खर्च नीट समजून घेतला म्हणजे पुढचा सारा इतिहास आपोआप उलगडतो. ग्रामोफोनची तबकडी पुष्कळांनी पाहिलेली आहे. हार्ड डिस्क तशीच फिरते. मात्र तिच्यावरील रेघा एकात एक अशा पूर्ण वर्तुळांच्या असतात, आणि सुईच्या जागी असलेले हेड पृष्ठभागाला न टेकता किंचित वर तरंगत असते. घरगुती संगणकांत पुष्कळ वर्षे प्रचारात असलेली डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी. तिचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत होतो. हेडला योग्य वर्तुळावर जावयास आठ-साडेआठ मिलिसेकंद लागतात, आणि हवा असलेला मजकूर फिरत फिरत खाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सव्वाचार मिलिसेकंदांच्या आसपास, वाट पाहावी लागते. एकूण हिशेब साडेबारा मिलिसेकंदांचा झाला. माणसाच्या दृष्टीने हा काळ काहीच नव्हे. परंतु अशा उड्या हजार घ्याव्या लागल्या तर साडेबारा सेकंद होतात, आणि साडेबारा सेकंद पडद्याकडे पाहत बसणे कोणालाही जाणवते.

हे दुखणे टाळण्याचा पहिला मार्ग अर्थातच तुकडेबंदीचा होता. एकेक फाइल सलगच ठेवावयाची, तोडावयाचीच नाही. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ह्या अमेरिकन कंपनीच्या पीडीपी-११ ह्या संगणकांसाठी १९७० नंतरच्या दशकात 'आरटी-११' नावाची कार्यप्रणाली होती. तिच्यात प्रत्येक फाइल अखंड असे. वाचन झपाट्याने होई. परंतु फाइली पुसल्या गेल्या की मध्ये मध्ये पडीक जागा राहत, आणि अशा वीस लहान जागा मिळून पुरेशी जागा असूनही एक मोठी फाइल ठेवता येत नसे. मग चालकाने 'स्क्वीज' अशी आज्ञा द्यावयाची. त्यासरशी साऱ्या फाइली एका बाजूला सरकवल्या जात आणि मोकळी जागा दुसऱ्या बाजूला सलग निघे. म्हणजे त्या काळी किती वेळा हा उपचार करावा, ह्या प्रश्नाचे उत्तर सरळ होते: जागा मिळेनाशी झाली की करावा. तो वेगासाठी करावयाचा नव्हता, निर्वाहासाठी करावयाचा होता. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरील ओएस/३६० ह्या प्रणालीने थोडी सैल मुभा दिली. तेथे सामान्य फाइलचे एका डिस्कवर फार तर १६ तुकडे चालत. सतरावा तुकडा पाडावयाची पाळी आली की काम बंद पडे.

ह्या कडक शिस्तीला कंटाळून दुसरा पंथ निघाला. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून केन टॉम्पसन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी ह्यांनी युनिक्स ही प्रणाली घडविली. तीत डिस्कचे लहान लहान सारखे गाळे पाडलेले असत, फाइलीला हवे तितके गाळे जेथे रिकामे असतील तेथून मिळत, आणि कोणत्या फाइलीचे गाळे कोठे आहेत त्याची नोंद वेगळी ठेवली जाई. वापरणाऱ्याची जागेची चिंता मिटली. पण चिंता मिटली म्हणजे खर्च मिटला असे नव्हे. रिकाम्या गाळ्यांची यादी प्रारंभी क्रमवार असे. फाइली होत जात, पुसल्या जात, आणि ती यादी हळूहळू विस्कटत जाई.

किती विस्कटे, ह्याचे मोजमाप आपल्याला उपलब्ध आहे, हे सुदैव. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील मॅक्युसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री ह्या चौघांनी १९८४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनी नोंदविले आहे की जुन्या पद्धतीची नवी कोरी डिस्क सेकंदाला १७५ किलोबाइटपर्यंत मजकूर देई. काही आठवड्यांच्या बेताच्या वापरानंतर हाच वेग ३० किलोबाइटवर येई. म्हणजे जवळजवळ एक-षष्ठांश. आणि ह्यावर उपाय काय, तर सगळा मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावयाचा, डिस्क नव्याने आखावयाची आणि मजकूर परत भरावयाचा. दुसरा मार्ग नव्हता. आमच्या विषयाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा आम्ही ह्यालाच मानतो. तुकडे पडल्याने डिस्क मंदावते ही विक्रेत्यांनी उठविलेली आवई नव्हती; मापून पाहिलेली वस्तुस्थिती होती.

बर्कलीच्या मंडळींनी जो मार्ग काढला तो अधिक विचार करण्याजोगा आहे. त्यांनी तुकडेजोडीचे नवे अवजार केले नाही. मुळात जागावाटपाचीच रीत सुधारली. गाळे मोठे केले. डिस्कचे विभाग पाडून एका फाइलीचे गाळे शक्य तो एकाच विभागात, जवळ जवळ, द्यावयाचे ठरविले. आणि शेकडा दहा जागा नेहमी मोकळी राखावयाची असा दंडक घातला. कारण जागा हातात शिल्लक असेल तरच ती चांगली वाटता येते. लिनक्स आदी प्रणाली पुढे ह्याच विचाराने चालल्या, आणि त्यांच्या वापरणाऱ्यांना तुकडेजोडीची आठवण सहसा का होत नाही, ह्याचे कारणही येथेच आहे.

घरोघरी पोचलेला संगणक मात्र दुसऱ्या घराण्यातला होता. मायक्रोसॉफ्ट कंपनीत १९७७ साली मार्क मॅक्‌डोनल्ड ह्यांनी फ्लॉपीसाठी एक साधी रीत बसविली. तीत एक कोष्टक असे आणि प्रत्येक गाळ्यापुढे 'पुढचा गाळा अमुक' अशी नोंद असे. फॅट ह्या नावाने ती प्रसिद्ध आहे. १९८१ साली आलेल्या एमएस-डॉसने हीच रीत घेतली. १९८३ साली आयबीएमचा 'एक्सटी' संगणक १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क घेऊन आला, तेव्हा फ्लॉपीसाठी शिवलेला अंगरखा हार्ड डिस्कच्या अंगावर चढला. फॅटची रीत सोपी, कमी स्मरणात बसणारी, म्हणूनच लोकप्रिय झाली. परंतु फाइल पुढे वाढेल, तिच्या शेजारी थोडी जागा राखून ठेवावी, असा दूरचा विचार तीत नव्हता. मिळेल तो रिकामा गाळा द्यावयाचा. रोज वाढणारी हिशेबाची फाइल काही महिन्यांत शेकडो तुकड्यांत विभागली जावी, ह्यात नवल ते काय?

अशा स्थितीत वैद्य पुढे आले नसते तरच आश्चर्य. डिजिटल कंपनीच्या व्हीएएक्स संगणकांसाठी १९८६ साली 'डिस्ककीपर' हे तुकडेजोडीचे सॉफ्टवेअर बाजारात आले. घरगुती संगणकांसाठी पीटर नॉर्टन ह्यांच्या संचातील 'स्पीड डिस्क' गाजले. १९९३ साली एमएस-डॉस ६.० निघाले तेव्हा मायक्रोसॉफ्टने सिमँटेक कंपनीकडून हेच तंत्र परवान्याने घेऊन 'डीफ्रॅग' नावाने प्रणालीतच घातले, आणि विंडोज ९५ बरोबर ते लाखो घरांत पोचले. पडद्यावर लहान लहान रंगीत चौकोन मांडलेले असत. ते एकेक करून जागा बदलीत आणि रांगेत बसत. पुष्कळ जण ते पाहत बसत, आणि त्यात एक प्रकारचे समाधानही होते. मध्येच दुसऱ्या कोणत्या कार्यक्रमाने डिस्कवर काही लिहिले की काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. म्हणून जाणते लोक सांगत की रात्री सगळे बंद करून डीफ्रॅग लावावे आणि झोपावे. आठवड्यातून एकदा की महिन्यातून एकदा, ह्यावर वाद होत. करावे की नाही, ह्यावर फारसा वाद नव्हता.

त्या काळचे हे उत्तर बरोबर होते काय? आमच्या मते, बरोबर होते. परंतु जितके सांगितले जाई तितके नव्हते. ह्याचा हिशेब मांडून पाहता येतो. समजा, ५० मेगाबाइटांची एक फाइल आहे आणि डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट वाचू शकते. फाइल सलग असेल तर अर्ध्या सेकंदात वाचून होईल. तिचे दहा तुकडे असतील तर दहा उड्यांचे मिळून एक-अष्टमांश सेकंद वाढतील. ते कोणाच्या ध्यानातही येणार नाहीत. तिचे हजार तुकडे असतील तर साडेबारा सेकंद वाढतील, आणि ते कोणाच्याही ध्यानात येतील. म्हणजे तुकडे आहेत की नाहीत हा प्रश्नच नव्हे. किती आहेत, आणि ती फाइल रोज उघडली जाते काय, हा प्रश्न आहे. पडद्यावरील नकाशात लाल चौकोन दिसले की मन अस्वस्थ होई; पण त्या चौकोनांपैकी पुष्कळ अशा फाइलींचे असत, की ज्या वर्षातून एकदाही कोणी उघडीत नसे. चार तास डिस्क राबवून दिवसाला दोन सेकंद वाचत असतील, तर ते चार तास भरून निघावयास सुमारे वीस वर्षे लागतील. रात्रीचा वेळ फुकटचा होता म्हणूनच तो व्यवहार परवडे.

आणखी एक गोष्ट त्या काळी झाली. संगणक मंदावण्याची कारणे अनेक असतात. स्मरणशक्ती अपुरी असते, सुरू होतानाच पंधरा कार्यक्रम उघडलेले असतात, कधी व्हायरस शिरलेला असतो. ह्या साऱ्यांवर एकच औषध सांगितले जाऊ लागले. कोणताही ताप आला की काढा द्यावा, त्यातला प्रकार झाला. डीफ्रॅग केल्यावर संगणक पुन्हा सुरू केला जाई. बरे वाटे ते पुष्कळदा त्या पुन्हा सुरू करण्यामुळे, आणि श्रेय जाई तुकडेजोडीला. मात्र ह्यावरून उपचारच खोटा होता असे म्हणणेही अन्यायाचे होईल. मायक्रोसॉफ्टने एनटीएफएस ही नवी रीत काढली तरी तुकडे पडणे थांबले नाही. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये तुकडे सुरक्षितपणे हलविण्याची सोय प्रणालीत द्यावी लागली, आणि विंडोज २००० मध्ये डिस्ककीपरच्याच निर्मात्यांकडून घेतलेले अवजार समाविष्ट करावे लागले.

ह्यानंतर जे घडले त्याचे महत्त्व पुष्कळांच्या ध्यानात आले नाही. कारण ते पडद्याआड घडले. हे काम माणसाच्या हातातून यंत्राच्या हाती गेले. २००१ च्या विंडोज एक्सपीने, संगणक सुरू होताना लागणाऱ्या फाइली दर तीनएक दिवसांनी, संगणक रिकामा असताना, आपण होऊन नीट लावण्यास प्रारंभ केला. २००३ साली ॲपलच्या मॅक ओएस एक्स १०.३ मध्ये अशी योजना आली की २० मेगाबाइटांहून लहान आणि आठांहून अधिक तुकड्यांची फाइल उघडली की ती तेथल्या तेथे सलग करून ठेवावयाची. २००८ च्या अखेरीस लिनक्समध्ये स्थिरावलेल्या एक्स्ट-४ ह्या रीतीने फाइल किती मोठी होणार हे कळेपर्यंत जागा देण्याची घाईच करावयाची नाही, असा शहाणपणाचा मार्ग स्वीकारला. आणि २००७ च्या जानेवारीत लोकांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने दर बुधवारी पहाटे एक वाजता तुकडेजोड आपोआप व्हावी अशी नेमणूक केली. त्या वेळी संगणक बंद असला तर नंतर मोकळ्या वेळी ते काम होई.

व्हिस्टाने आणखी एक धाडस केले. तो रंगीत नकाशाच काढून टाकला. वापरणाऱ्यांनी त्यावर बरीच कुरकुर केली. काम होते आहे की नाही हे कळावे कसे, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. परंतु त्याच वेळी ६४ मेगाबाइटांहून मोठे तुकडे जोडण्याच्या भरीस पडावयाचे नाही असेही ठरविण्यात आले, आणि हा निर्णय हिशेबाला धरून होता. सेकंदाला १०० मेगाबाइट ह्या वेगाने ६४ मेगाबाइट वाचावयास ०.६४ सेकंद लागतात. एका उडीला ०.०१२५. म्हणजे तोटा शेकडा दोनांच्या आत. इतक्या लहान लाभासाठी गिगाबाइटच्या गिगाबाइट मजकूर इकडचा तिकडे करणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. जुन्या पद्धतीत डिस्क संपूर्ण नीटनेटकी दिसावी हे ध्येय होते. नव्यात ती पुरेशी चालावी एवढेच. आम्हांला दुसरे ध्येय अधिक प्रौढ वाटते.

येथवरचा इतिहास फिरणाऱ्या तबकडीचा झाला. ह्यानंतर तबकडीच गेली. घरगुती संगणकांत एसएसडी आली. तिच्यात फिरणारे काही नाही, हेड नाही, येरझारा नाहीत. मजकूर फ्लॅश जातीच्या विद्युत्-कोशांत साठविलेला असतो आणि कोणत्याही कोशाकडे पोचावयास जवळजवळ सारखाच, मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी, वेळ लागतो. आमच्या शेतकऱ्याला सर्व तुकड्यांवर एकदम प्रकट होण्याची सिद्धी मिळाली, असे समजा. मग त्याने तुकडेजोड कशासाठी करावी? शिवाय ह्या कोशांवर पुनःपुन्हा लिहिण्याला मर्यादा असते. म्हणून डिस्कचा आतला नियंत्रक मजकूर मुद्दामच निरनिराळ्या कोशांत पसरवून ठेवतो, जेणेकरून सगळे कोश सारखे झिजावेत. विंडोज ज्याला सलग म्हणते ते आत सलग असतेच असे नाही. अशा डिस्कवर जुन्या पद्धतीची तुकडेजोड म्हणजे नुसती झीज.

२००९ च्या विंडोज ७ ने एसएसडीवरील ही नेमणूक बंद केली ती ह्याच कारणाने. २०१२ च्या विंडोज ८ पासून त्या अवजाराचे नावही बदलले आणि त्याला 'ऑप्टिमाइझ' म्हणू लागले. फिरत्या डिस्कवर ते तुकडेजोड करते. एसएसडीवर त्याचे मुख्य काम 'ट्रिम' हे असते, म्हणजे कोणते गाळे आता निरुपयोगी झाले हे डिस्कला कळविणे. मात्र न्यायाने सांगावयाचे तर एसएसडीवर तुकड्यांचा परिणाम शून्यच असतो असेही नाही. एकेका तुकड्यासाठी वेगळी मागणी करावी लागते, आणि मागण्या लाखांच्या घरात गेल्या की त्यांचाही भार होतो. २०१७ साली फास्ट ह्या परिषदेत सादर झालेल्या एका निबंधात, फाइली सतत बदलत राहिल्याने आधुनिक प्रणालीही मंदावतात, फिरत्या डिस्कवर फार आणि एसएसडीवर कमी, असे प्रयोगाने दाखविले आहे. परंतु ही चिंता कार्यप्रणाली घडविणाऱ्यांनी वाहावयाची. घरातल्या माणसाने हाती अवजार घेण्याचे ते कारण नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पहिली गोष्ट, आपली डिस्क कोणत्या जातीची आहे हे पाहावे. विंडोजमध्ये ऑप्टिमाइझच्या खिडकीतच ते लिहिलेले असते. एसएसडी असेल तर तुकडेजोडीचे निराळे सॉफ्टवेअर आणून चालवू नये. प्रणालीची आपली नेमणूक असेल ती चालू राहू द्यावी. दुसरी गोष्ट, डिस्क फिरती असेल आणि प्रणाली व्हिस्टानंतरची असेल, तर आठवड्याची नेमणूक चालू आहे एवढे पाहावे. काम होताच जो मनुष्य संगणक बंद करतो, त्याच्या यंत्राला ह्या कामास मोकळा वेळ मिळत नाही. त्याने महिन्या-दोन महिन्यांनी एकदा ते हाताने चालवावे. एक्सपी किंवा त्याहून जुना संगणक काही कारणाने राखला असेल, तर तुकडे किती आहेत ते आधी तपासून मगच काय ते ठरवावे. तिसरी गोष्ट, शेकडा दहा ते पंधरा जागा मोकळी ठेवावी. बर्कलीच्या मंडळींनी दहा सांगितली, एक्सपीचे अवजार पूर्ण कामासाठी पंधरा मागे. गच्च भरलेल्या डिस्कवर कितीही वेळा तुकडेजोड केली तरी ती टिकत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती केव्हा करू नये ह्याविषयी आहे. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, फाइली वाचताना चुका दाखविल्या जात असतील, तर ती मंदावली म्हणून तुकडेजोड लावणे हे खचत आलेल्या घरातील सामान खोल्या बदलून लावण्यासारखे आहे. ह्या उपचारात मजकुराचा मोठा भाग उचलून पुन्हा लिहावा लागतो. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला ते श्रम सोसत नाहीत. तेथे प्रथम मोलाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढावी, आणि बाकी सगळे नंतर. तसेच एखादी फाइल चुकून पुसली गेली असेल तर ती परत मिळेपर्यंत तुकडेजोड मुळीच चालवू नये. कारण पुसलेला मजकूर ज्या गाळ्यांत अजून शिल्लक असतो, त्यांवर दुसऱ्या फाइलीचे तुकडे आणून बसविले जातात, आणि मग तो कोणालाही परत आणता येत नाही. विजेचा भरवसा नसलेल्या जागी, प्रत काढल्यावाचून, हे काम हाती घेणेही शहाणपणाचे नाही.

म्हणजे 'किती वेळा' ह्याचे उत्तर वाराने किंवा तिथीने देता येत नाही, हे ह्या इतिहासाचे सार. १९७५ च्या चालकाला जागा मिळेनाशी झाली की ते करावे लागे. १९९५ च्या गृहस्थाला फॅटच्या रीतीमुळे मधून मधून करणे भाग होते. २००७ नंतर ते काम यंत्राने आपल्याकडे घेतले, आणि एसएसडी आल्यावर कारणच बहुतांशी उरले नाही. फिरत्या डिस्का मात्र अजून संपलेल्या नाहीत. छायाचित्रांच्या प्रती ठेवण्याच्या बाहेरच्या पेट्यांत, सीसीटीव्हीच्या नोंदींत, मोठ्या माहिती-केंद्रांत त्या चालू आहेत, आणि त्यांच्यापुरते जुने शास्त्र खरेच आहे. पण घरच्या यंत्रावर आजही कोणी दर शनिवारी रात्री डीफ्रॅग लावीत असेल, तर त्याने तो वेळ फाइलींची दुसरी प्रत काढण्याकडे वळवावा, असे आम्ही सुचवू. सलग नसलेली फाइल थोडी उशिरा उघडते एवढेच; जिची दुसरी प्रत नाही ती फाइल डिस्क गेल्यावर उघडतच नाही.